दोन फीडच्या मधले किलोमीटर

पोट दिसायला लागल्यावरही मी धावत होते. त्या काळात ओळखीच्या आणि अनोळखी माणसांनी दिलेले सल्ले उतरवून ठेवले असते तर एक वही सहज भरली असती. डॉक्टरांचं म्हणणं त्या मानाने फारच साधं होतं. गरोदरपणात काही गुंतागुंत नाही, धावायची सवय आधीपासूनची आहे, धावता धावता नीट बोलता येतंय, तर चालू ठेव. चक्कर आली, रक्त गेलं, पाणी गेलं, पोटात दुखायला लागलं, की तिथल्या तिथे थांब आणि फोन कर. सातव्या महिन्याच्या सुमाराला ओटीपोटावर इतका दाब यायला लागला की धावणं आपोआप चालण्यावर आलं. त्याचं फारसं वाईट वाटलं नाही, कारण पुढचा हिशोब डोक्यात तयार होता: बाळंतपण, सहा आठवड्यांची तपासणी, आणि मग पायात बूट.

तपासणी झाली. टाके भरले होते, गर्भाशय जागेवर आलं होतं, रक्तदाब ठीक होता. हळूहळू व्यायाम सुरू करायला हरकत नाही, असं सांगण्यात आलं. हळूहळू म्हणजे नेमकं कसं, हे मी विचारायच्या आत पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं. माझी एक धावणारी मैत्रीण आहे, दोन मुलांची आई. तिने मला दामटून फिजिओकडे पाठवलं. गुडघे-घोटे बघणाऱ्या नव्हे, बाळंतपणानंतरच्या बायकांवर काम करणाऱ्या फिजिओकडे. हा फरक कळायला हवा. गुडघेवाल्याने मला सरळ पळायला सोडलं असतं.

फिजिओने मला आडवं झोपवलं, डोकं थोडं उचलायला सांगितलं आणि बेंबीच्या वर-खाली बोटं दाबून पाहिली. पोटाचे दोन उभे स्नायू मधल्या शिवणीपासून फाकलेले असतात, ती फट किती रुंद आहे आणि दाबल्यावर खाली आधार लागतो का, हे ती बघत होती. मग तिने धावण्याचं गणित सांगितलं. प्रत्येक पाऊल पडताना जमिनीकडून वजनाच्या अडीच पटीच्या आसपास जोर उलटा येतो. तो झेलायला पाय असतात, नितंब असतात, पण मधली सगळी आतडी, मूत्राशय, गर्भाशय यांना खालून तोलून धरणारा स्नायूंचा एक झोळा असतो. नऊ महिने तो ओझ्याखाली असतो आणि प्रसूतीच्या वेळी तर कमालीचा ताणला जातो. टाके भरले म्हणजे तो झोळा सावरला असं नाही. ब्रिटनमधल्या तीन फिजिओथेरपिस्टनी २०१९ साली बाळंतपणानंतर धावण्याबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात धावायला सुरुवात लवकरात लवकर तीन महिन्यांनी, असं म्हटलेलं आहे. तेही काही चाचण्या जमल्या तरच.

चाचण्या ऐकायला अगदीच पोरकट वाटतात. अर्धा तास न दुखता चालणं. एका पायावर दहा सेकंद उभं राहणं. एका पायावर दहा वेळा अर्धं बसून उठणं. जागच्या जागी मिनिटभर पळणं. प्रत्येक पायावर दहा उड्या. मी पूर्वी डोंगरवाटांवर पळालेली बाई, मनातल्या मनात हसलेच. उजव्या पायावरच्या उड्या झाल्या. डाव्या पायावर सातव्या-आठव्या उडीला चड्डी ओली झाली. थेंब-दोन थेंब नाही, चांगली जाणवण्याइतकी. मी थांबले आणि बूट सैल झाल्यासारखं दाखवत खाली वाकले. फिजिओ म्हणाली, "बूट राहू दे. लघवी झाली ना? रोज दिवसातून चार-पाच जणींची होते इथे."

याबद्दल बायका एकमेकींत कुजबुजत बोलतात आणि चारचौघात गप्प बसतात, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. बाळंतपणानंतर खोकताना, शिंकताना, उडी मारताना लघवी सुटणं फार सर्रास आहे. सर्रास आहे म्हणून ते सोसत राहायचं, असं मात्र नाही. व्यायामाने बहुतेकींना खूप फरक पडतो. त्याहून जपायची खूण म्हणजे खाली काहीतरी उतरल्यासारखं जड वाटणं. ते वाटलं की पळणं तिथेच थांबवायचं आणि दाखवून घ्यायचं. (शर्यतीत इतक्या जणी काळ्याच टाइट्स का घालतात, यावर मी आणि ती मैत्रीण नंतर पोट धरून हसलो. तेही जपूनच.)

मग पुढचे काही आठवडे माझं सगळं ट्रेनिंग आरामखुर्चीत झालं. दिवसातून तीनदा, पाजताना, झोळ्याचे स्नायू आत आणि वर ओढून धरायचे, सावकाश सोडायचे, मग तेच झटपट. श्वास रोखायचा नाही, पोट आवळायचं नाही, नितंब आवळायचे नाहीत. हे लिहायला सोपं आहे. मला पहिल्यांदा जे जमलं ते म्हणजे भुवया वर ओढणं. भिंतीला एक हात लावून, एका पायावर टाच उचलायचे वीस-वीस, हा व्यायाम मात्र लेकीला आवडायचा. खांद्यावर घेतलं की तिला झोका मिळायचा आणि माझी पिंढरी भरून यायची. दोघींचं काम एकदम.

पहिल्यांदा धावले तेव्हा एक मिनिट धावणं आणि दोन मिनिटं चालणं असं चाललं होतं. दमही लागला नाही आणि मजाही आली नाही. छाती जड, दोन स्पोर्ट्स ब्रा एकावर एक, कंबर कुणा दुसरीची, आणि बूट चावत होते. बूट चावायचं कारण नंतर कळलं. गरोदरपणात पायाची कमान थोडी बसते आणि पाऊल लांब-रुंद होतं, कित्येकींचं ते तसंच राहतं. माझे जुने बूट नवऱ्याच्या बहिणीला गेले आणि मी अर्धा नंबर मोठे घेतले. बाकीचं शरीर कधी ना कधी परत येईल अशी आशा तरी होती. पावलांनी सरळ निकालच लावून टाकला.

वेळ कधी मिळायचा, तर दोन फीडच्या मध्ये. निघायच्या आधी पाजायचं, कारण एक तर छाती हलकी होते आणि दुसरं म्हणजे घड्याळ तिथून सुरू होतं. पहिल्या महिन्यांत ते घड्याळ भारी कंजूष होतं. सासूबाईंना काळजी होती दुधाची. "अगं, धावून आल्या आल्या पाजू नकोस, दूध नासतं," असं त्या प्रेमाने, पण रोज सांगायच्या. मी वाद घातला नाही, वाचलं. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाजणाऱ्या बायकांचे दोन गट केले होते. एका गटाने आठवड्यातून पाच दिवस पाऊण तासापर्यंत व्यायाम केला, असं बारा आठवडे. दूध कमी झालं नाही, दुधातले घटक बदलले नाहीत, बाळांची वजनं सारखीच वाढली. अगदी जीव काढून व्यायाम केला तर दुधात लॅक्टिक आम्ल थोडं वाढतं, पण त्याने बाळाला अपाय होत नाही. माझ्या लेकीने एकदाच तोंड वाकडं केलं आणि त्याचं कारण दूध नव्हतं, खारट घाम होता. ओल्या फडक्याने पुसून घेतलं, काम झालं. सासूबाईंना हे दाखवल्यावर त्या म्हणाल्या, "बरं. पण आधी पाणी पी." तो सल्ला मी आजही पाळते.

भुकेबद्दल थोडं सांगते. पाजणाऱ्या बाईला रोज सुमारे पाचशे कॅलरी जास्त लागतात, त्यात धावण्याच्या वेगळ्या. शिवाय पाजण्याच्या काळात हाडांमधलं कॅल्शियम काही प्रमाणात दुधाकडे वळतं आणि हाडांची घनता तात्पुरती कमी होते. पाजणं बंद झाल्यावर ती भरून निघते, पण मधल्या काळात उपाशीपोटी किलोमीटर जोडत राहिलं तर हाडाला बारीक तडा जायची भीती असते. त्यामुळे "वजन उतरवायला धावतेस का?" या प्रश्नाचा मला मनापासून राग येतो. मी धावते कारण मला धावायला आवडतं. बाळाच्या आधीही आवडत होतं. आई झाल्यावर बाईच्या प्रत्येक आवडीला एखादं उपयोगी कारण चिकटवल्याशिवाय लोकांचं समाधान का होत नाही, कोण जाणे.

आता खऱ्या अवघड भागाकडे येते. शरीराचं काम मोजता येतं: आज इतक्या उड्या, उद्या इतकी मिनिटं. घराचं तसं नसतं.

सुरुवातीला मी निघताना एक कागद लिहून दरवाजाजवळ चिकटवायचे. पंप केलेलं दूध कुठे आहे, किती वेळ कोमट करायचं, डायपर कधी बदललाय, जांभई दिली तर काय, मुठी चोखल्या तर काय, कोणतं गाणं म्हणायचं. फोन कमरेच्या पट्ट्यात. दहा मिनिटांत तो वाजायचा. "रडतेय. कागदावरचं सगळं करून झालं. आता?" मी धापा टाकत फूटपाथवर उभी राहून उत्तर द्यायचे आणि निम्म्या वेळा परत फिरायचे. धावणं असं व्हायचंच नाही, ती घराच्या आसपासची येरझार व्हायची. पंधरा-वीस मिनिटं कानात रडणं घेऊन पळण्यापेक्षा घरी बसलेलं बरं, असंही वाटायला लागलं होतं.

एका रात्री लेक झोपल्यावर नवरा म्हणाला, "तू कागद चिकटवून जातेस ना, मग मी कागदच बघत बसतो. तिच्याकडे बघायचं राहून जातं." त्यात तक्रारीचा सूर नव्हता. पण मला ते लागलं, कारण तो कागद मी त्याच्या सोयीसाठी लिहिते असं मी धरून चालले होते.

पुढच्या वेळी मी कागद लिहिला नाही आणि त्याच्याच सांगण्यावरून फोन फक्त आणीबाणीसाठी ठेवला. निघताना पोटात गोळा आला होता. परत आले तेव्हा दोघं जमिनीवर होते. तो उताणा, ती त्याच्या पोटावर पालथी, तोंडातून लाळ, डोळे मिटलेले. अंगात झबलं होतं ते उलटं. शिवणी बाहेर, बंद मानेच्या मागे. ते सुलटं करायला माझे हात अक्षरशः शिवशिवत होते. मी आंघोळीला गेले.

त्याची पद्धत माझ्याहून वेगळी निघाली आणि ती चालली. मी गाणं म्हणून झोपवायचे, तो तिला घेऊन कपड्यांचं कपाट उघडायचा आणि एकेक शर्ट दाखवायचा. का कोण जाणे, तिसऱ्या-चौथ्या शर्टाला ती पेंगायची. हे कुठल्या कागदावर आलं असतं? माझ्या हातून तिची जबाबदारी पूर्ण सुटल्याशिवाय त्याच्या हातात ती पूर्ण गेलीच नसती. धावण्याचं आणि आईपणाचं जे काही जमलं, ते मला वाटतं तिथून जमायला लागलं. पहाटे उठण्याच्या शिस्तीबद्दल, वेळेच्या नियोजनाबद्दल खूप बोललं जातं. पहाटे उठून बाहेर पडता येतं, पण अर्धा जीव घरात ठेवून पळता येत नाही.

त्यानंतर आम्ही आणखी एक गोष्ट बदलली. माझे धावण्याचे दिवस आणि त्याचे पोहण्याचे दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर आधीच लिहायला लागलो. "उद्या जाऊ का?" हा प्रश्न घरातून गेला. विचारून जाणं आणि ठरलेलं असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. विचारावं लागलं की दर वेळी तुम्ही सवलत घेता, आणि सवलत घेणारी बाई परत आल्यावर तिची भरपाई करायला भांडी घासायला धावते. बाहेरच्या जगाचं मात्र अजून तसंच आहे. मला घामेजलेली बघून शेजारीपाजारी विचारतात, "बाळ कुणाकडे?" तो ओल्या केसांनी पोहून येतो तेव्हा त्याला विचारतात, "पाणी गार होतं का?"

रात्रींचा नियम वेगळा केला. रात्र फुटली असेल, म्हणजे पुन्हापुन्हा उठावं लागलं असेल, तर सकाळी वेगाचं काही नाही. इंटरव्हल (थांबत थांबत जोरात पळणं) नाही, टेम्पो (सलग वेगात पळणं) नाही. बोलता येईल अशा वेगाने जेवढं होईल तेवढं, नाहीतर झोप. आधी माझा आठवडा भरगच्च असायचा. आता एक थोडं वेगाचं, एक लांब, आणि एक बाबागाडीबरोबर, एवढंच. एकूण किलोमीटर निम्म्याहून कमी झाले. गंमत म्हणजे प्रत्येक रन जास्त मन लावून होतो, कारण उद्यावर ढकलायला उद्या रिकामा नसतो.

बाबागाडीबद्दल. साधी ढकलगाडी घेऊन पळायचं नसतं. धावायची गाडी तीन मोठ्या चाकांची असते, पुढचं चाक सरळ लॉक करता येतं, हाताला ब्रेक असतो आणि मनगटाला अडकवायचा पट्टा असतो. तो पट्टा उताराला विसरायचा नाही. बाळाने मान पक्की धरलेली हवी, म्हणून साधारण सहा ते आठ महिन्यांच्या आधी नको असं बहुतेक गाड्यांच्या माहितीपुस्तिकेतही लिहिलेलं असतं आणि डॉक्टरही सांगतात. आमच्या लेकीला गाडी आवडली, पण तिच्या अटींवर. मी पळत असेपर्यंत ती डुलकी घ्यायची, सिग्नलला थांबले की टक्क डोळे उघडायची. मग मी चौकात हिरवा दिवा लागेपर्यंत गाडी मागे-पुढे करत जागच्या जागी पाय आपटत उभी. थोडी मोठी झाल्यावर तिला मोजे काढून फेकायचा छंद लागला. एका मोज्यासाठी किती मागे यायचं, याचा निर्णय मी चढ आहे की उतार त्यावर घ्यायचे.

मोठ्या धावपटूंच्या गोष्टी मला त्या काळात लोकांनी हौसेने पाठवल्या. पॉला रॅडक्लिफला जानेवारी २००७ मध्ये मुलगी झाली आणि नोव्हेंबरमध्ये ती न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. फेथ किपयेगॉनला २०१८ मध्ये मुलगी झाली, आणि २०२३ च्या उन्हाळ्यात तिने पंधराशे मीटर, एक मैल आणि पाच हजार मीटर असे तीन विश्वविक्रम केले. वाचून ऊर भरून येतो. पण रात्री पुन्हा एकदा उठलेल्या बाईला त्यांचा काडीचा उपयोग नसतो. धावणं हेच त्यांचं काम आहे आणि त्यांच्यामागे माणसं आहेत. मला जवळची वाटली ती सोफी पॉवर. २०१८ मध्ये आल्प्समधल्या सुमारे १७० किलोमीटरच्या शर्यतीत ती मधल्या थांब्यावर बसून तीन महिन्यांच्या बाळाला पाजते आहे, असा एक फोटो जगभर फिरला. शेजारी एक पुरुष धावपटू आडवा पडून विश्रांती घेतोय. पूर्वी त्याच शर्यतीतली तिची जागा गरोदरपणामुळे गेली होती. जखमी झालेल्याला जागा पुढे ढकलता यायची, गरोदर बाईला नाही. आता बऱ्याच मोठ्या शर्यतींनी गरोदर बायकांसाठी पुढच्या वर्षीची जागा राखायची सोय केली आहे. आणि जॅस्मिन पॅरिस! २०१९ च्या जानेवारीत, ऐन थंडीत, ४३० किलोमीटरच्या आसपासची शर्यत तिने पुरुषांसकट सगळ्यांना मागे टाकून ८३ तासांत जिंकली, आणि थांब्यांवर ती दूध पंप करत होती. मला तिचा वेग नकोच आहे. पंप करायला वेळ लागतो आणि तो शर्यतीच्याच वेळेतून जातो, हे तिने सगळ्यांसमोर उघडं केलं, ते मला हवं होतं.

बाळंतपणानंतरची माझी पहिली हाफ मॅरेथॉन लेक अजून अंगावर पीत असतानाच झाली. सुरुवातीच्या रेषेवर जायच्या आधी मी गाडीत मागच्या सीटवर, काचेला टॉवेल अडकवून पंप करत होते. बाहेर वॉर्मअपचं संगीत, आत पंपाची घरघर. एकवीस किलोमीटरचा वेळ पूर्वीपेक्षा बराच जास्त लागला. पंधराव्या किलोमीटरला छाती भरून यायला लागली आणि शेवटच्या टप्प्यात पायांपेक्षा तीच जास्त दुखत होती. काळ्या टाइट्स होत्या, पण त्यांची गरज पडली नाही. फिजिओला त्या संध्याकाळी एवढंच कळवलं. तिने टाळ्यांचं चित्र पाठवलं आणि खाली लिहिलं, "व्यायाम थांबवू नकोस." तो अजून थांबवलेला नाही. पाजणं थांबलं, आरामखुर्ची गेली, आता दात घासताना करते.

लेक आता गाडीत बसायला तयार नसते. तिला स्वतःला पळायचं असतं, तेही उलट्या दिशेने. त्यामुळे बाबागाडीचा वार कॅलेंडरवरून पुसला गेला आणि त्या जागी काय लिहायचं यावर घरात चर्चा सुरू आहे. त्यात पुढच्या महिन्यात एक पेच आहे. माझी हाफ आणि नवऱ्याची पोहण्याची स्पर्धा एकाच रविवारी, एकाच वेळी, शहराच्या दोन टोकांना. दोन्हीकडची आजी-आजोबांची जोडी त्या दिवशी गावाला. आम्ही नाणं उडवलं. तो जिंकला. मी माझं बिब, म्हणजे शर्यतीत छातीवर लावायचा नंबर, मैत्रिणीच्या ओळखीतल्या एकीच्या नावावर आयोजकांकडून रीतसर करून घेतलं आहे आणि माझा लाँग रन आदल्या दिवशी सकाळी ठेवला आहे, साडेसातच्या आत, कारण आठला त्याला सरावाला जायचंय.